झेंडा पडल्यापासून हात हलेपर्यंत

२१ जानेवारी

वर्गात पोरांना दरवर्षी सांगतो, मनात काय चाललंय ते रोज थोडं लिहा, जसंच्या तसं लिहा, स्वतःला सोडू नका. मी मात्र नोकरीला लागल्यापासून एक ओळ लिहिलेली नाही. आज लिहितोय, कारण बोललो तर तोंडातून शिव्याच येतील.

परवा आमच्या गावचा शंकरपट संपला. दोन दिवसांचा पट. सुलतानपूर, लोणार, मेहकर, पार जालन्याकडच्या जोड्या आल्या होत्या. आमच्याकडे बैलजोड्या एकमेकींशी पळत नाहीत, घडीशी, म्हणजे स्टॉपवॉचशी पळतात. एका वेळी एकच जोडी. झेंडा पडला की घडी चालू, बैलांनी शेवटची रेघ ओलांडली की बंद. वेळ कमी तो जिंकला. ही घडी पहिल्या दिवशी बाबांच्या हाती होती, दुसऱ्या दिवशी प्रसेनजितच्या. प्रसेनजित तरणाबांड, शाळेत खेळ शिकवतो. बाबांचं म्हणाल तर उत्तमराव आणि पटाची घडी ही दोन नावं आमच्या भागात लोक वेगळी घेत नाहीत. शर्यतींवर बंदी आली त्याच्या आधीपासून तेच. बंदी उठली तेव्हा पहिलं बोलावणं त्यांनाच आलं होतं.

पहिला नंबर उकंडकाकांच्या जोडीचा आला. काका बाबांचे बालपणापासूनचे दोस्त, वावराला वावर लागून. त्यांची जोडी पहिल्या दिवशी पळाली. हिंमतरावांची दुसऱ्या दिवशी पळाली आणि थोडक्यात हुकली. काल कोणीतरी ड्रोनचा व्हिडिओ मोबाईलवर फिरवला. त्यात वेळ लावून पाहिली तर हिंमतरावांची जोडी पुढे. झालं! संध्याकाळी पारावर भरल्या माणसांत हिंमतराव बोलले, "उत्तमभाऊ, दोस्ताले टाइम वाटला तुम्ही. हातात घडी होती का दोस्ती?"

बाबांनी गळ्यातली घडी काढली, पारावर ठेवली आणि घरी आले. मी तेव्हा मेहकरला, कॉलेजात नोकरीवर होतो. असतो तर हिंमतरावांच्या पांढऱ्या केसांचाही मुलाहिजा ठेवला नसता.

२३ जानेवारी

घरात सुतक पडल्यासारखं आहे. बाबा ओसरीवर बसून असतात. चेहरा असा की त्यावर काहीच उमटत नाही. राग नाही, दुःख नाही. माझ्या बायकोने, पुष्पांजलीने, आज मुद्दाम आमच्या पोरीची गंमत सांगितली, मी हसलो, आई हसली, बाबा नुसते बघत राहिले. अपमान माणसाला आतून किती वाळवतो ते पुस्तकात वाचलं होतं, आता घरात बघतोय.

आई त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून देत होती. म्हटलं, "माय, लहान लेकरू हाय का ते?"

"राहू दे तुह्यं," ती म्हणाली. "मनच नाई त्याईचं थाऱ्यावर."

खरंय. चार माणसांत चोर म्हटल्यावर गुंड्यांकडे कोणाचं लक्ष असणार?

२४ जानेवारी

आज वर्गात शिकवता शिकवता थांबलो. पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

प्रथम वर्षाचा नव्या सत्रातला पहिला धडा, मानसशास्त्र हे शास्त्र झालं कसं. दरवर्षी मी तो वेधशाळेच्या गोष्टीने सुरू करतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका वेधशाळेत मुख्य खगोलशास्त्रज्ञ आणि त्याचा मदतनीस दोघेही दुर्बिणीतून तारा कधी रेघ ओलांडतो त्याची वेळ लिहायचे. मदतनिसाची वेळ साहेबापेक्षा सेकंदाहून थोडी कमी इतकी मागे पडायची. साहेबाने समज दिली, तरी फरक जाईना. शेवटी त्याला कामावरून काढून टाकलं. पुढे कित्येक वर्षांनी जर्मनीतल्या दुसऱ्या एका खगोलशास्त्रज्ञाने ती हकिकत वाचली आणि त्याच्या मनात आलं, हा माणूस निष्काळजी नसेलच तर? त्याने तपासलं. निघालं असं, की कोणत्याही दोन माणसांची वेळ जुळत नाही. प्रत्येकाचा आपला आपला उशीर असतो. त्याला नाव पडलं वैयक्तिक समीकरण. त्या उशिराचं मोजमाप करता करता पुढे जर्मनीतच लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा निघाली आणि मन ही मोजायची गोष्ट झाली.

म्हणजे आमचं शास्त्र उभं आहे ते एका विनाकारण हाकललेल्या माणसावर. बारा वर्षं मी हे खडूने फळ्यावर लिहितोय आणि घरी ओसरीवर तोच माणूस बसलाय हे मला तीन दिवस कळलं नाही. काय म्हणावं या डोक्याला!

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि बाबांसमोर बसलो. सगळं समजावून सांगितलं. झेंडा पडतो अचानक. डोळ्याला दिसणं आणि बोट दाबणं यात प्रत्येकाचा थोडा वेळ जातो. घडी उशिरा चालू झाली की जोडीच्या वेळेतून तेवढा तुकडा गळतो आणि जोडी वेगवान दिसते. शेवटच्या रेघेला तसं होत नाही, कारण बैल लांबून येताना दिसतात, बोट आधीच तयार असतं.

"तुमचा उशीर प्रसेनजितपेक्षा जास्त असीन, तर तुमच्या दिवसाच्या साऱ्याच जोड्याईले फायदा झाला. एकट्या उकंडकाकाले नाई. हे मी मशीनवर दाखवून देतो. मंग कोन बोलते पाहू!"

बाबा हळू आवाजात म्हणाले. आवाजही बसलाय त्यांचा या आठवड्यात.

"म्हंजे माह्या हातात खोट हाय?"

"खोट नाई बाबा. परत्येकाचं असते."

"मले दिसते तवाच मी दाबतो, हर्षल. ज्या टायमाले दिसते त्याच टायमाले."

"तसं वाटते. तोच तर मुद्दा आहे ना. मधला वेळ ज्याचा त्याले कळत नाई. म्हून तर मशीन लागते."

"मले नोको तुह्यं मशीन," म्हणाले आणि आत जाऊन पडले. मला आला राग. माणूस विहिरीत पडलाय, मी वरून दोर सोडतोय, आणि हा म्हणतो दोर नको.

३० जानेवारी

उकंडकाका आले होते. कोपऱ्यात चप्पल काढून उभेच राहिले. एरवी हा माणूस दारातूनच "वयनी, चहा टाका" म्हणून ओरडत येतो.

"उत्तम, मी नंबर सोडून देतो. पंचाईले सांगून येतो आत्ताच. मले तुह्यापेक्षा नंबर मोठा नाई."

बाबा एकदम ताठ झाले. "सोडशीन तर खबरदार! तू सोडला म्हंजे मी चोर ठरलो. मंग कोनत्या तोंडानं हिंडू मी?"

"तसंबी हिंडून कुठी राह्यला तू?" काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्या नाही आलं.

काका गेल्यावर बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "घिऊन ये तुह्यं मशीन."

२ फेब्रुवारी

कॉलेजातून लॅपटॉप, लाल दिवा आणि दाबायची कळ आणली. ओसरीवर टेबल मांडलं. दिवा लागला की कळ दाबायची, मधला वेळ लॅपटॉप नोंदवतो. लाइपझिगला यासाठी पितळेचं केवढं यंत्र होतं. आमचं काम खोक्याएवढ्यात भागतं.

प्रसेनजितला बोलावलं होतं. येईल की नाही वाटत होतं, पण आला, बाबांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, घडी धराले तुमीच शिकवलं. मले काई तपासाचं नाई, पन तुमच्यासाठी बसतो." त्याचा हात कळीवर नुसता उडतो. मी बसलो. मी मधला. मग बाबा बसले.

बाबांचा उशीर आमच्या दोघांच्या दुप्पट!

मी ओरडलोच, "मिळालं!" टाळी वाजवली. आई आतून धावत आली, काय झालं म्हणून. सांगितलं, बाबा सुटले. पुष्पांजली दाराशी उभी होती. ती बाबांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद असा काही दिसला नाही. शाळेत शिकवून दमून येते बिचारी.

७ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी बाबांची बैठक घेतो. एका दिवसाचा आकडा कोणी मानणार नाही, महिनाभराचा पाहिजे.

एक अडचण आहे. काही वेळा बाबांचा उशीर फारच लांबतो, दिवा लागून विझायची वेळ येते तरी कळ दबत नाही. अशा नोंदी लक्ष नसल्यामुळे होतात. त्या मी बाद करतो. पद्धतीत ते बसतं, सगळेच करतात. त्या ठेवल्या तर सरासरी बिघडेल आणि हिंमतरावांसारखा माणूस म्हणेल, मुद्दाम हळू दाबलं.

११ फेब्रुवारी

पुष्पांजलीशी वाजलं. बाबांना बँकेत घेऊन गेली होती, तिथे सही जुळेना म्हणून परत पाठवलं.

"तुम्ही सही पाहिली का त्यांची? मुंगीएवढी झालीय. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बारीक बारीक होत जाते."

"मनातून खचलेला माणूस लहानच लिहितो," मी म्हणालो. "आकसतो तो. हे माझ्या विषयातलं आहे."

"आणि काल दूध उतू जाऊन करपलं, सगळ्या घरात वास, ते चुलीपाशी बसून होते. त्यांना कळलंच नाही. डॉक्टरला दाखवू या का?"

"डॉक्टर काय करणार? गावाने ज्याला चोर ठरवलं त्याला गोळी देणार?"

ती म्हणाली, "अहो, तुम्ही रोज तासभर त्यांच्यासमोर बसता आणि बघता कुठे, तर लॅपटॉपमध्ये."

लागलं मला. मीही काहीतरी टाकून बोललो. नंतर वाईट वाटलं, पण तिलाही समजायला हवं की मी हे खेळ म्हणून करत नाहीये. माझ्या बापाचं नाव पणाला लागलंय.

१८ फेब्रुवारी

आजचा दिवस मोठा आहे.

लाइपझिगच्या प्रयोगशाळेत माणसाला नुसती कळ दाबायला लावत नसत. दिवा लागल्यापासून बोट दबेपर्यंत तुझ्या आत काय काय झालं ते सांग, असं विचारत. अंतर्निरीक्षण म्हणतात त्याला. पुढे लोकांनी ही पद्धत टाकून दिली, कारण माणूस आपल्याच मनाबद्दल काय वाट्टेल ते सांगतो. माझे विद्यार्थी सांगतात, "सर, काही नाही झालं, दाबलं."

सहज बाबांना विचारलं. त्यांनी खूप विचार केला. मग एकेक शब्द ठेवत बोलले. मी तसंच्या तसं उतरवून घेतलंय.

"दिवा दिसते. दिसते तं लगेच दिसते, त्यात काई उशीर नाई. मंग मी हाताले सांगतो, दाब. हात आयकत नाई. मंग पुन्हा सांगतो. मंग आयकते. पह्यले असं सांगा लागे नाई. पह्यले मी आन हात येकच होतो."

अंगावर काटा आला! दिसणं वेगळं, इच्छा वेगळी, हालचाल वेगळी. दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या प्राध्यापकांनी शिकवून तयार केलेल्या माणसांनासुद्धा इतकं स्वच्छ सांगता आलं नसेल. मी बाबांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "बाबा, तुम्ही माझ्या वर्गात पाहिजे होते."

ते म्हणाले, "हर्षल, काऊन आयकत नसीन बे तो?"

"दमता तुम्ही. आणि मनावर ओझं आहे. एकदा गावात सारं सांगून झालं का आपोआप हलकं होईल."

त्यांनी मान हलवली. उजवा हात मांडीवर ठेवला होता, तो बारीक थरथरत होता. मोठं बोलून झाल्यावर माणसाला होतं तसं.

२४ फेब्रुवारी

ड्रोनचे सगळे व्हिडिओ मिळवले. पहिल्या दिवसाची एकेक जोडी चित्र थांबवून थांबवून तपासली. बाबांच्या घडीने सगळ्यांना फायदा दिलाय. ओळखीच्यांना, परक्यांना, हिंमतरावांच्या पुतण्याच्या जोडीलासुद्धा! आता बोला म्हणावं.

एक गोष्ट मात्र इथेच लिहून ठेवतो. फायदा सारखा नाही. सकाळच्या जोड्यांना कमी, दुपारनंतर वाढत गेलाय. उकंडकाकांची जोडी दिवसातली शेवटची, त्यांना सगळ्यात जास्त. थकवा, दुसरं काय? दिवसभर उन्हात उभं राहून कोणाचाही हात जड होईल. पण गावापुढे हे कसं मांडू? वैयक्तिक समीकरण म्हणजे त्या त्या माणसाचा ठरलेला उशीर. तो असा तासातासाला वाढतो म्हटलं की संशयाला पुन्हा जागा. मी सरासरी सांगेन. सरासरी सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तरी हे लिहिताना बरं वाटत नाहीये, तेही लिहितो.

२ मार्च

जिंकलो!

मारुतीच्या सभामंडपात सगळा गाव जमला होता. पटाचे पंच, जोड्यांचे मालक, बायाही मागे उभ्या. मी आधी वेधशाळेची गोष्ट सांगितली. मग दिवा मांडला. म्हटलं, कोणीही या. आधी कोणी पुढे येईना, मग एकच झुंबड. ज्याला त्याला आपला हात किती चपळ ते बघायचं होतं. हिंमतराव स्वतः आले. त्यांचा उशीर प्रसेनजितपेक्षा बराच निघाला तेव्हा मंडपात हशा पिकला. तेही हसले. म्हणाले, "म्हंजे मीबी चोरच निंगालो का?"

शेवटी बाबा. दिवा लागला. किती वेळ कोणी श्वास घेतला नाही. मग कळ दबली. असं पाच वेळा. कोणाला मशीनकडे बघायची गरजच पडली नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. मग पडद्यावर पहिल्या दिवसाच्या सगळ्या जोड्या दाखवल्या.

हिंमतराव उठले. आडदांड माणूस, पण मनाने मोकळा, हे कबूल केलं पाहिजे. सगळ्यांदेखत बाबांपुढे हात जोडले. "उत्तमभाऊ, चुकलो. तुमी बेइमान नाई. मी माही जबान वापस घेतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उकंडकाका लहान पोरासारखे रडले.

मग पंचांतले एक म्हणाले, "पन आता यापुढं घडी प्रसेनजितनंच धरावं. उत्तमभाऊचा सत्कार करू, शाल-नारळ देऊ, स्टेजवर बसवू. आता त्याईचं बसाचं वय झालं." सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणालो. शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच होतं ते.

बाबांचा चेहरा तसाच होता. मी म्हटलं, एकदम पचायचं नाही. निघाल्यावर मी उत्साहात भराभर चालत घरी आलो, आईला सगळं सांगितलं, चहा झाला, तरी बाबा आले नव्हते. वाटेत लोक थांबवून बोलत असतील.

३ मार्च

सकाळी गोठ्यात गेलो. बाबा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. म्हटलं, "झालं ना आता मनासारखं?"

त्यांनी वळून पाहिलं. वळायलासुद्धा पाऊल पाऊल टाकत वळले.

"लबाड म्हनत होते ना मले, त्याले जवाब देता येत होता. पुढच्या साली घडी मागितली असती, धरली असती, दाखवलं असतं का पाहा, उत्तमराव कसा हाय. लबाड मानूस सुधरते. आता तुह्या मशीननं साऱ्या गावाले सांगितलं का याचा हात गेला. आता काय दाखवू मी? कोनाले दाखवू?"

मला राग आला, तो आला म्हणून आणखी राग आला. म्हटलं, "बाबा, दीड महिना मी तुमच्यासाठी मरमर केली."

"केली ना. मी कुठी नाई म्हनतो? माह्या नावासाठी केली." पुन्हा बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "पन मी तुले इचारलं होतं. काऊन आयकत नसीन हात, म्हून इचारलं होतं. तू मले म्हनला, माह्या वर्गात पाह्यजे होते."

बैल शेपूट हलवत होता. मी तिथून निघून आलो. पुष्पांजलीला म्हटलं, डॉक्टरची वेळ घे. ती म्हणाली, "घेऊन ठेवलीय. तुम्ही कधी विचारता त्याचीच वाट बघत होते."

९ मार्च

संभाजीनगर. मेंदूच्या डॉक्टर, वयाने माझ्यापेक्षा लहान. बाबा दारातून खुर्चीपर्यंत चालत आले, तेवढ्यात डॉक्टरांचं बघून झालं होतं. उजवा हात चालताना हलत नाही, अंगाला चिकटून राहतो. ते मला आज दिसलं, त्यांनी दाखवल्यावर. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं. एक ओळ लिहायला लावली. वास येतो का विचारलं. बाबा म्हणाले, दोन वर्सं झाले, येत नाही. दोन वर्षं!

पार्किन्सन. मेंदूतलं एक रसायन कमी होत जातं. बरा होत नाही, गोळ्यांनी बराच काळ आटोक्यात राहतो. लवकर आले असते तर लवकर सुरू केलं असतं, एवढंच. डॉक्टर चांगल्या आहेत, मला दोष दिला नाही.

मी नोंदी दाखवल्या. मूर्खासारखा घेऊन गेलो होतो. त्यांनी चाळल्या आणि विचारलं, "मधल्या काही नोंदी बाद केल्यात, त्या का?" मी म्हणालो, लक्ष नव्हतं म्हणून. त्यांच्या आधी बाबाच बोलले.

"लक्ष होतं माह्यं. साऱ्या टायमाले होतं."

परतताना गाडीत बाबा झोपले. मी रडलो. पुष्पांजली गाडी चालवत होती, तिने मला रडू दिलं.

१३ मार्च

तीन दिवस काही लिहायला हात होत नव्हता. गावात आता सगळ्यांना कळलंय. बाबांनीच सांगितलं. पारावर जाऊन बसले आणि जो विचारेल त्याला रोगाचं नाव सांगत राहिले. नीट म्हणता येत नव्हतं ते नाव, तरी.

मी वर्गात तो पहिला धडा पुन्हा घेतला. पोरं म्हणाली, सर, हे तर झालंय. म्हटलं, माझं झालं नव्हतं. त्या मदतनिसाबद्दल आपण फक्त एवढंच सांगतो की तो निर्दोष होता. त्याला काढल्यावर त्याने काय केलं, कुठे गेला, त्याच्या घरच्यांनी काय विचारलं, यातलं एक वाक्य माझ्या टिपणांत नाही. दुसऱ्याने त्याच्या उशिरातून शास्त्र काढलं आणि आम्ही शास्त्राचं कौतुक करत बसलो. 

२१ मार्च

गोळ्यांनी फरक पडलाय. सकाळी सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावतात, वेळ लागतो. आई बाजूला उभी राहून बघते, हात पुढे करत नाही.

आज जेवताना बाबांनी मला सरळ विचारलं, "त्या दिवशी कोनाची जोडी खरी पुढं होती?"

मी म्हणालो, "आता तो विषय संपला ना बाबा. हिंमतरावांनी माफी मागितली."

"मी बेइमान नाई हे ठरलं. निकाल खरा का खोटा, हे कुठी ठरलं? तू इतकं मोजलं, हे नाई मोजलं?"

मोजलं होतं. हिंमतरावांची पुढे होती. मंडपात कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज सांगितलं. थकव्याचं म्हणून मी जे दडवलं तेही सांगितलं, की शेवटच्या जोडीला सगळ्यात जास्त फायदा झाला. 

"उकंडले बोलाव," बाबा म्हणाले.

२३ मार्च

आज सकाळी आम्ही तिघे हिंमतरावांच्या घरी गेलो, बाबा, उकंडकाका आणि मी. काकांच्या हातात पहिल्या नंबराला मिळालेली पटाची ढाल होती, पितळेची, जड. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नव्हतं. बाबांनी निकाल सांगताच उठून आपल्या घरी गेले आणि ढाल पुसून घेऊन आले.

हिंमतराव ओट्यावर दाढी करत होते. आम्हाला पाहून उठले, अर्ध्या तोंडाला साबण तसाच. घरातली माणसं दारात आली. बाबा बोलायला लागले. त्यांचं वाक्य मधेच अडतं, शब्द तोंडात असतो पण बाहेर यायला वेळ लागतो. आजपर्यंत मी असं झालं की पटकन तो शब्द पुरवायचो. आज नाही पुरवला.

"हिंमतभाऊ, मी बेइमान नव्हतो. पन निकाल चुकला. तुमची जोडी पुढं होती. घडी माह्या हातात होती म्हून हे सांगाचं काम माहं. दुसऱ्या कोनाचं नाई."

हिंमतराव म्हणाले, "अवं उत्तमभाऊ, तब्येत कशी तुमची, अन् तुमी हे काय घिऊन बसले? राहू द्या ना. ढालीचं काय एवढं."

"नाई," बाबा म्हणाले. "घ्या."

काकांनी ढाल बाबांच्या हाती दिली. बाबांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. आता फक्त पुढे करायची होती. हिंमतरावांनी तोंडावरचा साबण बाहीने पुसला आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. बाबांचे हात हलले नाहीत. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. ओठ हलत होते, हाताला सांगत असतील. मला राहवेना, मी पाऊल उचललं, तर उकंडकाकांनी माझं मनगट घट्ट धरलं. हिंमतराव तसेच हात पसरून थांबले, जराही पुढे झुकले नाहीत, घाई केली नाही.

मग ढाल छातीपासून सुटली, आणि हळूहळू बाबांनी ती त्यांच्या हातात दिली.